गाडी पास झाली, पण कोणत्या परीक्षेत?

घरात ई-स्कूटर घ्यायची म्हटली की सध्या तीनच प्रश्न विचारले जातात. किती किलोमीटर जाते? आग तर लागत नाही ना? आणि लायसन्स लागते का? दुकानदार तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर देतो, "काळजी करू नका, सरकारी टेस्ट पास आहे." अब्बांचे समाधान होते, अम्मी गप्प बसते आणि मुलगा चावी मागू लागतो.

दुकानदार खोटे बोलतो असे नाही. नोंदणी होणारी प्रत्येक गाडी खरोखर चाचण्यांतून गेलेली असते. पण शाळेत शिकवताना आम्ही एक गोष्ट जाणतो. मूल पास झाले, एवढ्यावरून त्याला सगळे येते असे ठरत नाही. प्रश्नपत्रिकेत जे विचारले होते, तेवढे त्याला आले, इतकेच ठरते. गाडीचेही तसेच आहे. म्हणून या महिन्यात आपण गाडीची प्रश्नपत्रिका वाचू. तिच्या इंजिनाला, मोटारीला आणि बॅटरीला काय विचारतात, आणि काय विचारतच नाहीत, ते पाहू.

परीक्षा कोण घेते?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाड्या तपासणाऱ्या संस्था नावानिशी दिल्या आहेत. त्यांतल्या तीन आपल्या महाराष्ट्रात आहेत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही १९६६ साली स्थापन झाली. कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडीवर तिचे आवार आहे. दुसरी पुण्याचीच सीआयआरटी आणि तिसरी अहिल्यानगरची व्हीआरडीई. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सची मोठी धावपट्टी आहे. हरियाणात मानेसरला आणि तमिळनाडूत चेन्नईजवळही अशी केंद्रे आहेत.

कंपनी नव्या मॉडेलचे नमुने या संस्थेकडे पाठवते. ते नमुने उत्तीर्ण झाले की त्या मॉडेलला मान्यता मिळते. तिला टाइप ॲप्रूव्हल म्हणतात. इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. परीक्षेला बसतो तो नमुना, तुमच्या दारात येणारी गाडी नव्हे. कारखान्यातून निघणारा माल नमुन्यासारखाच आहे का, हे पाहण्यासाठी पुढे ठराविक काळाने कारखान्याच्या मालातून गाड्या उचलून पुन्हा तपासतात. तरीही प्रत्येक गाडी प्रयोगशाळेत जात नाही, आणि जाणे शक्यही नाही.

मोटारीची ताकद: तीस मिनिटांचा हिशेब

इंजिनाची ताकद मोजायची युक्ती दोनशे वर्षांपूर्वीची आहे. १८२१ मध्ये गास्पार द प्रोनी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने फिरत्या दांड्याभोवती लाकडी ठोकळे आवळले आणि त्यांना लांब काठी व वजने जोडली. दांडा ठोकळ्यांना आपल्याबरोबर ओढू पाहतो आणि वजने त्यांना धरून ठेवतात. किती वजनाला काठी स्थिर राहते आणि दांडा किती वेगाने फिरतो, यावरून ताकद काढायची. गाडीच्या माहितीपत्रकात 'ब्रेक हॉर्सपॉवर' लिहिलेले असते, त्यातला ब्रेक तो हाच. आज ठोकळ्यांची जागा डायनामोमीटर नावाच्या यंत्राने घेतली आहे. तत्त्व तेच आहे: फिरणाऱ्याला अडवायचे आणि तो किती जोर लावतो ते मोजायचे.

विजेच्या मोटारीची मात्र एक खोड आहे. ती थोड्या वेळासाठी खूप जोर लावू शकते, पण तो जोर चालू ठेवला तर तापते. म्हणून एआयएस-०४१ या भारतीय मानकात दोन आकडे मोजतात. एक मोटारीची निव्वळ ताकद आणि दुसरा, सलग तीस मिनिटे ती सरासरी किती ताकद देऊ शकते तो. जाहिरातीत मोठा आकडा छापतात. घाट चढताना किंवा भार घेऊन जाताना उपयोगी पडतो तो दुसरा.

लायसन्सच्या प्रश्नाचे उत्तरही याच दुसऱ्या आकड्यात आहे. तीस मिनिटांची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून गाडीचे वजन ६० किलोपर्यंत असेल, तर नियमानुसार ती मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून तिला नोंदणी नाही, लायसन्स नाही. पण या अटी ती पाळते, हे तपासणी संस्थेने प्रमाणित केलेले असावे लागते.

आता होते काय? गाडी पंचवीसच्या वेगावर पास होते आणि नंतर कोणीतरी वेगाची मर्यादा काढून देतो. "पंचेचाळीसपर्यंत पळते, भाईजान, आणि लायसन्सपण नको." ज्या क्षणी मर्यादा काढली, त्या क्षणी परीक्षेत पास झालेली गाडी ती राहिली नाही. ती कायद्याने मोटार वाहन झाली, पण तिला नोंदणी नाही आणि विमाही नाही. ती चालवणारा मुलगा अल्पवयीन असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. नववी-दहावीतल्या मुलांना अशी गाडी घेऊन देण्याआधी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, ही विनंती.

किती किलोमीटर जाते?

जाहिरातीत 'एका चार्जमध्ये १२० किलोमीटर' लिहिलेले असते. हा आकडा रस्त्यावर मोजलेला नसतो. गाडीचे चाक मोठ्या रोलरवर ठेवतात. गाडी जागेवरच असते, रोलर फिरतो, आणि रस्त्यावर जितका विरोध झाला असता तितका रोलर करतो. समोर पडद्यावर वेगाची रेषा दिसते. चालकाने तिच्याबरहुकूम गाडी वाढवायची, कमी करायची, थांबवायची. या ठरलेल्या रेषेला भारतीय चालन चक्र किंवा आयडीसी म्हणतात. बॅटरी संपेपर्यंत तेच चक्र पुन्हा पुन्हा चालवतात आणि जितके अंतर भरेल तो गाडीचा पल्ला.

आता या प्रश्नपत्रिकेत काय आहे ते पाहा. एक चक्र १०८ सेकंदांचे. सर्वांत जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर. सरासरी वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर. गाडीवर एका माणसाएवढा भार. चढ नाही, खड्डा नाही, मागे बसलेली खाला नाही, पुढे ठेवलेली भाजीची पिशवी नाही.

आपली मुले उड्डाणपुलावर साठने जातात. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून १२० लिहिलेली गाडी तुमच्या गावात ऐंशी-नव्वदच गेली, तर लगेच फसवणूक झाली असे समजू नका. कंपनीने सोप्या पेपरातले गुण छापले, एवढाच त्याचा अर्थ. अनेक कंपन्या आता 'प्रत्यक्ष रस्त्यावरचा पल्ला' वेगळा देतात. दुकानात तो आकडा मागा. मात्र तो कंपनीचा स्वतःचा अंदाज असतो, तपासणी संस्थेचा नव्हे, हे ध्यानात ठेवा.

परीक्षा ओळखणारी गाडी

ठरलेल्या प्रश्नपत्रिकेचा दुसरा धोका जगाने २०१५ मध्ये पाहिला. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी डिझेल गाड्यांच्या मागे धूर मोजणारी यंत्रे बांधून त्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवल्या. प्रयोगशाळेत स्वच्छ ठरलेल्या फोक्सवॅगनच्या गाड्या रस्त्यावर कितीतरी जास्त विषारी वायू सोडत होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीला नोटीस दिली. गाडीच्या संगणकात असा प्रोग्राम घातला होता की आपली चाचणी चालू आहे हे गाडी ओळखत असे आणि तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागत असे. नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण रस्त्यावर मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात होते. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत तो प्रोग्राम होता. भारतात एआरएआयने तपासणी केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीला तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

या प्रकरणानंतर प्रश्नपत्रिका बदलली. भारतातही १ एप्रिल २०२३ पासून कारसारख्या वाहनांच्या धुराची मोजणी प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही होते. चाचणी कमी पडली, तर चाचणीच सुधारावी लागते. बॅटरीच्या बाबतीतही हेच झाले, पण त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागली.

बॅटरीची कसोटी

मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोर इथे घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला. धुराने गुदमरून बाप आणि लेक दोघेही गेले. त्याच महिन्यात पुण्याच्या लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली. सप्टेंबरमध्ये आपल्या वसईत बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि तिथेच झोपलेले सात वर्षांचे मूल भाजून पुढे दगावले. तोवर या गाड्यांसाठी चाचण्या नव्हत्या असे नाही. पण त्या चाचण्यांत एक महत्त्वाचा प्रश्न विचारलेला नव्हता.

तो प्रश्न समजण्यासाठी बॅटरी आतून कशी असते ते पाहू. स्कूटरची बॅटरी म्हणजे एक डबा नसतो. टॉर्चच्या सेलसारखे शेकडो लहान सेल आत शेजारी शेजारी बसवलेले असतात. त्यांच्यावर बीएमएस नावाचे इलेक्ट्रॉनिक सर्किट लक्ष ठेवते: कोण जास्त भरला, कोण जास्त तापला. एखाद्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला तर तो तापतो. तापला की आतली रसायने तुटून आणखी उष्णता सोडतात. ती उष्णता शेजारच्या सेलला पेटवते, तो पुढच्याला. ही साखळी सुरू झाली की बाहेरून हवा तोडूनही ती सहज थांबत नाही.

जुन्या चाचण्या बहुतेक बाहेरच्या माराबद्दल विचारत. आपले मानक ज्या आंतरराष्ट्रीय नियमांवर बेतले आहे, त्यांत बॅटरीला तीन तास यंत्रावर हलवतात. सहा तास ६० अंशांत आणि सहा तास उणे ४० अंशांत, असे पाच वेळा आलटून पालटून ठेवतात. काढून घरात नेता येणारी बॅटरी एक मीटर उंचीवरून वेगवेगळ्या बाजूंनी काँक्रीटवर टाकतात. दोन्ही टोके जोडून शॉर्ट करतात. भरल्यावरही चार्ज करत राहतात आणि बीएमएस वेळीच तोडतो का ते पाहतात. चारचाकीच्या बॅटरीला तर पेटत्या पेट्रोलच्या ज्वाळेवर ७० सेकंद थेट धरतात. एवढे सगळे होऊनही बॅटरी फुटता कामा नये.

२०२२ च्या घटनांनंतर रस्ते वाहतूक मंत्रालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि दुचाकी-तीनचाकीसाठीच्या एआयएस-१५६ व चारचाकीसाठीच्या एआयएस-०३८ या मानकांत भर घातली. नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले: पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. सेल, बीएमएस, चार्जर आणि बॅटरीची बांधणी या सगळ्यांसाठी अटी वाढल्या. दुचाकीची बॅटरी पाण्यात बुडाली तरी पाणी आत जाऊ नये, अशीही अट आली. आणि राहून गेलेला प्रश्न आता विचारला जाऊ लागला. प्रयोगशाळेत एक सेल मुद्दाम बिघडवतात. तो तापून गेल्यावर शेजारचे सेल पेटतात का, ज्वाळा डब्याबाहेर येते का, हे पाहतात.

यातून खरेदीसाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, जुनी ई-स्कूटर घेताना गाडी कोणत्या वर्षाची हे बघतो, तशी बॅटरी कधी बनली हेही बघा. ३१ मार्च २०२३ च्या आधीची बॅटरी कदाचित चांगली असेलही, पण ती पूर्ण नव्या परीक्षेला बसलेली नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. परीक्षेत पास झाली ती गाडी, तिची मूळ बॅटरी आणि तिचा मूळ चार्जर. बॅटरी उतरल्यावर कोणी निम्म्या किमतीत सेल जोडून नवा पॅक बनवून देत असेल, किंवा बाजारातला दुसरा चार्जर देत असेल, तर ते प्रमाणपत्र त्याला लागू होत नाही. वाचलेले पैसे मुलांच्या झोपण्याच्या खोलीशेजारी ठेवायचे का, एवढाच हिशेब करा.

जे प्रयोगशाळा विचारत नाही

तुमची गाडी कुठे उभी राहते, हे कोणतीही प्रयोगशाळा विचारत नाही. वेल्लोर आणि वसई, दोन्ही घटनांत एक गोष्ट समान होती: बॅटरी घरात होती आणि घर झोपेत होते. म्हणून पुढची परीक्षा आपल्या घराची.

बॅटरी झोपायच्या खोलीत, बाहेर पडायच्या दाराजवळ किंवा एकुलत्या जिन्याखाली चार्ज करू नका. आग लागली तर हीच आपली वाट असते. आपल्या मोहल्ल्यांत घरे लहान आणि जिने अरुंद असतात, म्हणून हा नियम आपल्यालाच जास्त लागू होतो. गच्ची, ओटा किंवा मोकळी गॅलरी बरी. इशानंतर लावून फजरला काढण्याची सवय असेल तर ती मोडा आणि घरातले कोणी जागे असताना चार्ज करा. उन्हातून आल्या आल्या चार्जर लावू नका, बॅटरी थंड होऊ द्या. एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. अर्थिंग असलेला भिंतीतला सॉकेट वापरा. बॅटरी पडली, पुराच्या पाण्यात बुडाली, फुगली, किंवा तिला उग्र वास येऊ लागला, तर चार्ज न करता कंपनीच्या सेवा केंद्रात दाखवा. धूर दिसला तर बॅटरी उचलायला जाऊ नका. तो धूर विषारी असतो. मुले आणि म्हातारी माणसे आधी बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

घरच्या घरी चाचणी

बॅटरी म्हातारी होते, पण पांढरे केस दाखवत नाही. तिचे वय मोजण्याची एक साधी पद्धत घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला शिकवा. गाडी पूर्ण चार्ज करा आणि मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहा. रोजच्याच रस्त्याने, रोजच्याच माणसाने चालवा. चार्ज २० टक्के उरला की पुन्हा किलोमीटर लिहा. समजा ५६ किलोमीटर झाले. म्हणजे ८० टक्क्यांत ५६, तर पूर्ण शंभरात ७०. हा तुमचा खरा पल्ला. जाहिरातीत काही का लिहिलेले असेना, तुमच्या रस्त्यावरची ही परीक्षा आहे.

दर सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच ऋतूत, हीच नोंद करा. सत्तरचे पासष्ट झाले तर समजण्यासारखे आहे. एकदम पन्नासवर आले तर वॉरंटीचे कागद काढा. वॉरंटीत बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती बदलून मिळते, हे लिहिलेले असते. तुमच्या वहीतल्या तारखा आणि आकडे तिथे तोंडी तक्रारीपेक्षा जास्त बोलतील.

आता दुकानात गेलात, तर "टेस्ट पास आहे का?" एवढेच विचारून थांबू नका. हे पाच प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. बॅटरीवर बनल्याची तारीख कोणती? एआयएस-१५६ च्या दोन्ही टप्प्यांचे प्रमाणपत्र आहे का? तीस मिनिटांची ताकद किती? आयडीसीचा पल्ला किती आणि रस्त्यावरचा किती? बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती टक्क्यांची? जो दुकानदार कागद काढून उत्तर देईल त्याच्याकडे बसून चहा घ्या. जो फक्त "काळजी करू नका" म्हणेल, त्याला सलाम करून पुढच्या दुकानात जा.